दोन अंडरस्कोर आणि आमच्या मॅडम

‘प्रायव्हेट’ हा शब्द निघाला की मॅडम उठायच्या, वर्गाचं दार लोटून घ्यायच्या, कडी मात्र लावायच्या नाहीत.

‘ढकल गं,’ म्हणायच्या. मी ढकललं की दार उघडायचं.

‘हे पायथनचं प्रायव्हेट. नावाआधी दोन अंडरस्कोर, ह्या खालच्या आडव्या रेघा, म्हंजे लोटलेलं दार. कुलूप न्हाई.’

परभणीतल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायला त्या चुडाव्याहून रेल्वेनं येत. पुस्तकी बोलत नसत. आमच्यासारखंच ‘करायलाय, जायलाय’ बोलत आणि त्याची त्यांना लाज नव्हती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. अशी बाई फळ्यापुढं उभी राहिली की आपली पाठ कशी सरळ होते, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको.

एकदा क्लासच्या मालकांनी विद्यार्थ्यांच्या माहितीचा प्रोग्राम करायला सांगितला. नाव, गाव, मार्क.

‘आणि जात टाका. बॅचा पाडायला बरं पडतं.’

‘शिकवायला जात कशाला लागती, सर?’

‘दोन अंडरस्कोर टाका की. कोणाला दिसणार नाही. तुम्हीच शिकवता ना?’

मॅडमनी लगेच टाकून दाखवलं. v नावाचा एक नमुना विद्यार्थी केला आणि त्यात स्वतःचीच माहिती भरली. बाहेरून v.__jaat मागितलं तर पायथननं एरर दिली. मालकांनी मान डोलावली. मग मॅडमनी मधे प्रोग्राममधल्या ‘विद्यार्थी’ या साच्याचं नाव जोडलं, v._Vidyarthi__jaat, आणि एंटर दाबलं. पडद्यावर उत्तर आलं.

‘बौद्ध,’ त्यांनी मोठ्यानं वाचलं. ‘पायथन निसतं नाव बदलून ठेवतं. ज्याला बघायचं तो बघतोच. माझं मी सांगितलं, सर. ह्या लेकरांचं सांगायचं का न्हाई, ते लेकरं ठरवतील.’

आणि ती ओळच खोडून टाकली.

‘ओळ परत लिहा. नाहीतर उद्यापासून येऊ नका.’

‘मग न्हाई येत.’

घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच होत्या, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी पर्स खांद्याला लावली, फळा पुसला आणि गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात नवे सर आले. माणूस वाईट नव्हता. तोच प्रोग्राम उघडून म्हणाले, ‘जातीची एक ओळ राहिलीय. लिहून घ्या.’

मी उभी राहिले. ‘सर, ती ओळ आम्ही लिहिणार नाही.’

‘आम्ही म्हणजे कोण?’

त्यांनी मागं नजर टाकली. एकाचाही हात कीबोर्डवर नव्हता.