क्लच नसलेली गाडी

एका जुन्या जीपची चासी घेऊन तिला हिमाचलातल्या स्पितीच्या खोऱ्यापर्यंत जाण्याजोगी करायचं ठरवलं, तेव्हा इंजिनाचा निर्णय लवकर झाला. डिझेल, तेही जुन्या धाटणीचं, साध्या यांत्रिक पंपाचं. सेन्सर बिघडला म्हणून डोंगरात अडकायला नको. शिवाय ते हळू फिरतानाही जोर धरतं, दगडांवरून गाडी माणसाच्या चालीनं चढते. गिअरबॉक्स मात्र मी ऑटोमॅटिक ठरवला, आणि त्याच्या कारणाबद्दल थोरल्या भावाशी खोटं बोललो.

अण्णानं कमलनगरहून ठाणाकुशनूरकडं वर्षानुवर्षं प्रवाशांची जीप चालवली. माणसं इतकी कोंबलेली असत की गिअरचा दांडा शेजारच्याच्या गुडघ्यांत यायचा. अण्णा क्लच दाबून नुसतं "तिसरा" म्हणायचा, आणि शेजारचा दांडा ओढायचा. कॉलेजला जाताना शेजारी मीच असे. त्या जीपवर माझं शिक्षण झालं आणि त्या क्लचवर त्याचा डावा गुडघा गेला. डॉक्टर वयाचं कारण सांगतात. मला ते कधी पटलेलं नाही. ऑपरेशननंतर तो चालतो, पण क्लच दाबवत नाही. जीप विकल्यापासून स्टेअरिंगला शिवलेला नाही. कुणाच्या गाडीत बसला तर मागं बसतो.

"ऑटोमॅटिक कामून?" त्यानं विचारलं.

"माझी कंबर दुखायलीय, अण्णा."

"कंबर? खुर्चीत बसून पगार घेतूस की! बॅटरी उतरली तर असली गाडी धक्क्यानं सुरू व्हत न्हाई. मग डोंगरात काय करतूस, बायकोला हाका मारतूस?"

तरी माझ्याबरोबर हुमनाबादला आला. तिथल्या मिस्त्रीकडं मागून चेपलेली एक जुनी ऑटोमॅटिक गाडी होती. तिच्यातून काढायचे इंजिन आणि गिअरबॉक्स मूळचे एकमेकांचे, म्हणजे जोडाजोडीची कटकट नव्हती. गिअरबॉक्सचं तेल मी बोटावर घेऊन पाहिलं. लालच होतं, जळका वास नव्हता. चालवून बघायला मिस्त्रीनं गाडी शेताच्या वाटेवर काढली आणि स्वतः मागं जाऊन बसला.

"अण्णा, तू चालव," मी म्हणालो.

"माझं काय काम? कंबर तुझी दुखायलीय."

मग मला राहवलं नाही. "कंबर-बिंबर काही न्हाई. तुझ्या पायासाठी घ्यायलोय. तू चालवणार नसशील, तर मला कुठंच जायचं न्हाई."

तो रागावेल असं वाटलं.

"मग आधीच सांगायला तोंड न्हवतं व्हय?" म्हणाला आणि दार धरून सावकाश चढला.

गाडी निघाली. जरा वेग येताच त्याचा डावा पाय सवयीनं क्लच दाबायला गेला. तिथं क्लच कुठला? ब्रेकचंच रुंद पेडल होतं. गाडी जागच्या जागी थांबली, माझं कपाळ काचेजवळ गेलं.

"बायाँ पाँव भूल जाव, अण्णा!" मागून मिस्त्री ओरडला.

"जन्मभर राबलेला पाय हाय बाबा. सांगितल्यावर भुलतोय व्हय?"

पुन्हा तेच झालं. आता तो उतरणार असं मला वाटलं. पण त्यानं माझा हात ओढून आपल्या गुडघ्यावर ठेवला. "धर हितं. दाबायलाय असं वाटलं की सोडू नको."

मी धरला. ऑपरेशनचा व्रण पँटवरूनही हाताला लागत होता. इंजिनाचा आवाज चढायचा, गिअर आपोआप बदलायचा, आणि त्याच क्षणी माझ्या हाताखाली तो गुडघा वर उठू पाहायचा. आवाजावरून त्याला सगळं कळत होतं.

"तिसरा," तो स्वतःशीच म्हणाला.

वाट संपली तिथं त्यानं गाडी थांबवली. मी हात काढला नव्हता, त्यानंही काढ म्हटलं नाही.

"दोन बॅटऱ्या बसव," गाडी मागं वळवत तो म्हणाला. "बंद पडली तर धक्का मारायला मी उतरणार न्हाई."