एका तारेवर तीन डबे

किस्से जमवाले काई मेहनत लागत नाई. घरात राऊटर लावा अन् माह्यासारखा एखादा रिकामा बुढा ठेवा, आपोआप जमतेत! चौकात लोकं मले पाहून हासतेत. कायले हासतेत, ते आता मीच सांगून टाकतो. लाज तं गेलीच हाये!

माही सून वैशाली घरूनच पुन्याच्या कंपनीचं काम करते. मीटिंग सुरू असली का मधातच तिचं तोंड उघडं राहते अन् आवाज बंद होते. सायबानं सांगतलं, "नेट असंच तुटत राहिलं तर इथं येऊन बसा." माहा मोठा पोरगा तिरोड्याले प्लांटात कामाले. बायको पुन्याले, नवरा इकडं! नात चिंगीबी मायसंगच जाईन. मंग आमी बुढा-बुढीनं कोनाचं तोंड पाहाव?

मनून सगळं घर नेटाच्या मांगं लागलं.

* * *

बैठकीत एक राऊटर होताच. लहान पोरगा दिलीपनं त्याले तार जोडून दुसरा सयपाकाच्या खोलीत लावला. मी हट्ट धरला, तं तिसरा कोठ्यात, बैलाच्या डोक्यावर! पानठेल्यावर जाऊन मनलो, "आमच्या घरी आता तिब्बल नेट!"

सून मने, "मामाजी, घरात तार एकच येते. डबे वाढवले मनून नेट वाढत नाई. उलट वाटे होतेत."

"बाई, आमच्या पूर्वजाईनं गावोगावी तलाव खोदले. तलावाखाली बोडीचं लहान तळं बांधलं का पानी वाढते. आमाले शिकवून रायली का?"

"पन पाऊस तेवढाच पडते ना, मामाजी!"

बैलानंबी माह्याकडे पाह्यलं नाई.

* * *

तरी डोक्यातून तलाव जाये ना. एक दिवस हुकूम सोडला, "सकाळपासून सगळे फोन बंद! दुपारच्या मीटिंगपर्यंत डबे भरू द्या!"

बुढीची सिरियल बंद, दिलीपचे गाने बंद. अन् काय सांगू, मीटिंग एकदाबी अटकली नाई! मी मिशीले पीळ देत गावभर सांगत फिरलो.

शेजारच्या तुळशीरामनं ते आयकलं अन् आपल्या घरचे सगळे फोन बंद करून ठेवले. दुसऱ्या दिवशी त्याचा व्याही बिरसीवरून धापा टाकत आला.

"कोनाचाच फोन लागून नाई रायला! घरात कोनाले काई झालं का?"

"नाई जी," तुळशीराम मने, "आमचा डबा भरून रायला!"

व्याही तुळशीरामले घेऊन तसाच आमच्या अंगनात आला. सुनेनं दोघाईले बसवून सांगतलं, "काका, डब्यात काई भरत नाई. त्या दिवशी दुसरं कोनी वापरत नोतं, मनून माही मीटिंग चालली."

मी गाईले पानी पाजाच्या बहान्यानं मांगच्या दारानं निंगालो. गाय आमी कवाच इकली.

* * *

तुळशीराम रुसला. त्याले मनवाले मी कोठ्याच्या डब्याचा पासवर्ड देल्ला. पन सरळ देल्ला तं मी कायचा! मनलो, "गड्या, फोन डोक्यावर धर अन् एका पायावर उभा राय. तवाच नेट पकडते."

बिचारा कुडाजवळ बगळ्यासारखा उभा राहून क्रिकेट पाहे. पाहे कायचा, आयके!

तिकडं सुनेची मीटिंग तुटली. तिनं खिडकीतून पाह्यलं. "मामाजी, तुळशीराम काका एका पायावर काऊन उभे हायेत?"

"योगा करून रायला."

"मंग योगात सिक्सर कायले ओरडून रायले?"

मले हासू फुटलं. पन तिच्या डोळ्यात पानी होतं. सायबानं एकच मीटिंग देल्ली होती आता. ती तुटली का पुने.

त्या दिवशी जेवतानी माही मान ताटातून वर झाली नाई.

* * *

त्या आखरी मीटिंगले दिलीपनं जास्तीचे दोन्ही डबे काढून टाकले. बैठकीतला तेवढा ठेवला. सून आतल्या खोलीत बोलून रायली होती, अन् मी बाहेर कान लावून.

मधातच ती मनली, "हॅलो? हॅलो?"

माहा जीवच उडाला. डबा दूर पडते, जवळ नेऊन द्यावा मनून भिंतीवरून काढला, पोटाशी धरला अन् बनियानवरच तिच्या खोलीत घुसलो.

"मामाजी, कॅमेरा चालू हाये!"

समोर पुन्याचे सगळे सायबलोक! डबा टेबलाच्या कोपऱ्यावर टेकवला अन् हात जोडले, "राम राम जी!"

तानलेल्या तारेनं डबा मांगं ओढला. धाडकन खाली. तार निंगाली, डब्याचे लाइट गेले, सगळं बंद.

सून डोकं धरून बसली. मी तिथंच उभा. तिथून जावाचंबी सुचलं नाई.

मंग तिचा फोन वाजला. सायेब होता. तिनं स्पीकरवर टाकला.

"मॅडम, तुमचे सासरे आमच्या स्क्रीनवर हात जोडून तसेच थांबलेत. सुनेला पुण्याला बोलावू नका, असं म्हणतायत का?"

सुनेनं माह्याकडे पाह्यलं. माहे हात अजून जोडलेलेच होते.

"हो सर," ती मनली.

तिकडून आवाज आला, "बरं. त्यांना म्हणावं, हात खाली घ्या."