साडूंचा पंधरा दिवसांचा पास

घेतलेली वस्तू शेवटच्या कणापर्यंत वापरून संपवण्यात माझ्या थोरल्या साडूंचा हात धरणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात सापडला नसता. कामरगावला त्यांचं बागाईत होतं. वांगी, मिरची, कोबी घेऊन ते कारंज्याच्या बाजाराला येत आणि उतरत माझ्याकडे. मी तिथल्या हायस्कुलात मास्तर. कंजूष ते मुळीच नव्हते, मागेल त्याला टोपलीभर वांगी देत. पण एकदा घेतलेलं वाया जाणं त्यांना सोसत नसे. माझ्या बायकोचा खोकला बरा झाला तरी बाटलीत औषधाचे चार डोस उरले होते, तर ठणठणीत प्रकृतीच्या या गृहस्थांनी ते बसल्या बैठकीला पिऊन टाकले आणि दुपारभर माझ्या ओसरीवर घोरत पडले. जत्रेच्या तंबूतला सिनेमा संपला की लोक उठत. हे खुंट्या उपटायला माणसं येईपर्यंत बसून राहत. "तिकीट घेतलं ना मास्तर? मंग कायले उठाचं?" असं मलाच विचारत.

त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. आम्ही सगळे तिला अक्का म्हणत असू. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण तिनं कधी काही मागितलं नव्हतं. लहानपणी कीर्तनात ऐकलेली लंका एकदा डोळ्यांनी पाहावी, सीतामाई बसली होती ते अशोकवन पाहावं, एवढं एकच तिच्या मनात होतं. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील, त्या साली मिरचीला चांगला भाव आला आणि साडू म्हणाले, "चाला, लंकेले." इंग्रजी येणारा म्हणून मला बरोबर घेतलं.

मी मद्रासहून माहितीपत्रक मागवलं आणि तिथूनच घोळ सुरू झाला. सिलोनच्या रेल्वेत दोन सोयी होत्या. पंधरा दिवस वाटेल तिथं, वाटेल तितकं हिंडायचा पास. नाहीतर जिथं जायचं तिथलं सुटं तिकीट. 'वाटेल तितकं' हे शब्द साडूंनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतले. असं काही जगात विकत मिळतं हे त्यांना पन्नाशीपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं. अक्का मात्र ऐकेना.

"यायनं पास घेतला तं हे गाडीतून उतरनार नाईत, मास्तर. मले का गाडी पाहाची हाये? मले अशोकवन पाहाचं हाये."

"अवं, अर्धी लंका पाहून काहून वापस याचं?"

हा वाद कारंज्याहून निघाला, वर्धेला गाडी बदलून मद्रासला पोचला, धनुष्कोडीला आमच्याबरोबर बोटीत चढला आणि कोलंबोच्या तिकीट खिडकीशी येऊन थांबला. मागे माणसं खोळंबली होती. साडूंनी आपल्यापुरता पास घेतला. अक्कानं मला पुढे करून नानुओयाची दोन सुटी तिकिटं घेतली. अशोकवनासाठी तिथंच उतरायचं होतं.

नानुओया डोंगरातलं लहानसं स्टेशन. आम्ही दोघं उतरलो आणि साडू खिडकीतून हात हलवत पुढे गेले. स्टेशनापाशीच एका तमिळ बागवानाकडे खोली मिळाली. उतारावर त्याचा कोबी होता. अक्काला तमिळ येत नव्हतं, बागवानाच्या बायकोला मराठी. पण दुसऱ्याच दिवशी दोघी वाफ्यात बसून कोबीवरच्या अळ्यांबद्दल तासभर बोलत होत्या. अशोकवन तिथून पाच-सहा मैलांवर. मी रोज विचारी, अक्का रोज म्हणे, "उद्या जाऊ."

साडू एक दिवस गाडीनं वर लाइनीच्या टोकाला, बदुल्ल्याला जात, दुसऱ्या दिवशी खाली कोलंबोला येत. गाडी कोबीच्या वाफ्यावरूनच जाई. अक्का कुंपणाशी उभी राहून हात वर करी, साडू खिडकीतून ओरडत, "लय मजा हाये!" त्यांची दाढी वाढली होती आणि इंजिनाच्या धुरानं सदरा काळा पडला होता.

आठव्या दिवशी अक्काला थंडीचा ताप भरला. मी एकटाच फलाटावर गेलो. गाडी पुरती थांबण्याआधीच साडूंनी अर्धं अंग बाहेर काढलं होतं.

"घरची कुठी हाये?"

"थोडा ताप आहे, भाऊ. काळजीचं काही नाही."

ते ऐकायला ते डब्यात राहिले नव्हते. वळकटी तशीच बाकावर ठेवून त्यांनी खाली उडी मारली होती. गाडी सुटली, वळकटी कोलंबोला निघाली. अजून सात दिवस उरलेत, अशी मी आठवण केली, तर चालता चालताच म्हणाले, "राहू द्या."

अक्कानं त्यांना दारात पाहिलं आणि ती उठून बसली. "काहून उतरले तुमी?"

"गाडीत लय थंडी हाये," साडू म्हणाले आणि स्वतःच्या अंगावरचं घोंगडं काढून तिच्या पायांवर नीट करू लागले.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला तेव्हा अक्का आपण होऊन म्हणाली, "आता चाला." आम्ही बसनं गेलो. तिथं फारसं काही नव्हतं. झाडी, चार दगड आणि एक थंडगार ओढा. अक्का चपला काढून पाण्यात उतरली. वाहून जातील म्हणून साडूंनी त्या उचलल्या आणि हातात धरून काठावर उभे राहिले. मला जरा अवघडल्यासारखं झालं, त्यांना काही वाटलं नसावं.

बराच वेळ अक्का समोरच्या झाडीकडे पाहत होती. मग हळूच म्हणाली, "सीतामाईले एकटीले कसं करमलं असंन जी इथं?"

साडूंनी चपला एका हातात घेतल्या आणि तिला बाहेर यायला दुसरा हात दिला.