नानांची चतुर्थी आणि मधला विमानतळ

शुद्धलेखनाच्या चुका असतील, त्या माफ करा. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. अक्षर वाकडं आहे आणि ओळ लिहिता लिहिता वर चढत जाते. हे मी कुणाला दाखवणार नाही. पण माझ्यासारखं काम करणाऱ्या एखादीच्या हाती कधी पडलं, तर तिला समजावं म्हणून सगळं उलगडून लिहिते.

प्रशांतभाऊ लॅपटॉपसमोर बसले होते. मी स्वयंपाकघराच्या दारात भांडं पुसत उभी होते. भांडं कधीच कोरडं झालं होतं.

"नाना, युरोपातून जा. दोन तासांचा हॉल्ट आहे. तिकीटही स्वस्त पडतंय," भाऊ म्हणाले.

नाना म्हणजे त्यांचे वडील. बदनापूरचे, शेती खात्यातून रिटायर झालेले. लकव्यानं डावा हात आणि डावा पाय कामातून गेलेला, वर शुगर. मी त्यांना सांभाळते. उठवणं, आंघोळ, गोळ्या, शुगर तपासणं, खुर्चीतून पलंगावर घेणं. याला आता केअरटेकर म्हणतात. पूर्वी नुसतं 'ती बाई' म्हणायचे. भाऊ वडिलांना सहा महिन्यांसाठी अमेरिकेत घेऊन आले आणि सोबत मला आणलं. नानांच्या पत्नी, माई, बदनापुरातच राहिल्या. विमानाची भीती वाटते असं त्या सांगतात. मला वाटतं, त्यांना म्हशी सोडवल्या नाहीत.

अमेरिकेत नाना दिवसेंदिवस उतरत चालले होते. जेवण कमी झालं. बोलणं कमी झालं. "घरी कधी?" एवढंच विचारायचे. तिथल्या डॉक्टरांनी भाऊंना सांगितलं होतं, आत्ता प्रवास झेपेल तोवर न्या. दुसरा झटका आला तर मग विमान विसरा. थेट मुंबईचं विमानही नको म्हणाले. इतका वेळ एका जागी बसले तर पायात रक्त साकळेल. मध्ये कुठंतरी उतरवा, पाय हलवा, मग पुढं न्या. म्हणून मधला विमानतळ निवडायचा होता.

मी भिंतीवरचं मराठी कॅलेंडर बघितलं. त्या तारखेला संकष्टी चतुर्थी होती.

नानांची राजूरच्या गणपतीवर श्रद्धा आहे. संकष्टीला दिवसभर दूध आणि फळ, चंद्र उगवल्यावर जेवण. लकवा झाला तेव्हा दवाखान्यातसुद्धा त्यांनी ती मोडली नव्हती. नर्सला चंद्र बघायला गच्चीवर पाठवलं होतं.

मला लोकांसमोर बोलता येत नाही. लहानपणापासूनच तसं आहे. काही सांगायचं असलं की मी भाऊंच्या बायकोच्या, मेघावहिनींच्या कानात सांगते आणि त्या पुढं सांगतात. तसंच सांगितलं.

"अहो, त्या दिवशी चतुर्थी आहे म्हणे," वहिनी म्हणाल्या.

भाऊंनी डोक्याला हात लावला. "नाना, एका चतुर्थीनं गणपती रागावणार आहे का?"

"तो न्हाई रागवायचा," नाना म्हणाले. "मलाच घास उतरायचा न्हाई. मंग तारीख बदल."

"बदलता येत नाही. तुमची राहायची मुदत संपतेय."

"तर मंग मी चंद्र कुठं बघू? ढगात बसून?"

त्यांचं बरोबर होतं. युरोपच्या वाटेनं गेलो तर चंद्र उगवायच्या वेळी आम्ही आकाशात असणार. नानांना संडासाजवळची कडेची सीट लागते, म्हणजे खिडकी नाही. मी पुन्हा वहिनींच्या कानाला लागले. आखातातल्या विमानतळावरून जाणारं विमान तिथं संध्याकाळी उतरतं, असं भाऊ मघाशी वाचत होते. तिथं दोन तास आहेत. चंद्र जमिनीवरून बघायला मिळेल. नाना तिथंच जेवतील, रात्रीची गोळी घेतील आणि पुढच्या विमानात झोपतील.

वहिनींनी सांगितलं. भाऊ हसले. "लेओव्हर चंद्र बघून ठरवायचा?" लेओव्हर म्हणजे दोन विमानांच्या मधला मुक्काम. मग त्यांनी वेळा बघितल्या आणि हसणं थांबलं. "बसतंय की बराबर. थोडा खर्चा जास्त आहे, पण बसतंय."

"आणि तिथं हिंदी चालते," मी म्हणाले. हे मात्र मीच म्हणाले. "युरोपात मी संडास कुठं आहे हे कुणाला विचारू?"

"अगं शोभाताई, हे आधी सांगायचं ना!" वहिनी म्हणाल्या.

भाऊंनी तिकीट काढलं. म्हणाले, "वाटेत शुगर खाली गेली तर तुम्हालाच बघावं लागेल, शोभाताई. मला सुट्टी मिळत नाही, मी सोबत नाही."

मी हो म्हणाले. निघेपर्यंत जेवण गेलं नाही.

डॉक्टरांना विचारून त्या दिवसाची शुगरची गोळी अर्धी करून घेतली. शुगरचं मशीन, साखर आणि बिस्किटं हातातल्या पिशवीत घेतली. भाऊंनी वाटखर्चाला डॉलर दिले. ते हरवायला नकोत म्हणून मी मोठ्या बॅगेत साड्यांच्या खाली ठेवले आणि ती बॅग सामानात गेली. त्या वेळी मला यात फार शहाणपणा वाटला होता.

विमानात नानांनी दूध आणि फळांच्या फोडी घेतल्या. जेवणाचा ट्रे तसाच परत केला. शेजारच्या गोऱ्या बाईनं काळजीनं बघितलं. नाना मला म्हणाले, "तिला सांग, आज आमचा उपास हाय." मी काय सांगणार? दोघीही नुसत्या हसलो.

विमान उतरलं. दारातच व्हीलचेअर घेऊन एक बाई उभी होती, निळा युनिफॉर्म, डोक्याला रुमाल. नाव रेहाना. ती नानांना म्हणाली, "आओ चच्चा, जल्दी नको करो, आराम से." मला रडूच येणार होतं. आपल्याकडच्यासारखं बोलत होती.

"कहाँ के हैं?" नानांनी विचारलं.

"नांदेड के."

"अरे, मंग तू तर आपलीच निघाली! बाई, चंद्र कुठं उगवतो इथं?"

तिला वाटलं म्हातारा भ्रमिष्ट आहे. मी हळूच समजावलं. ती लगेच खुर्ची वळवून मोठ्या काचेपाशी घेऊन गेली. बाहेर विमानांचे दिवे होते आणि वर सगळी धूळ. मातकट आभाळ. चांदणीसुद्धा नव्हती.

"बाजी, ये तो पच्छिम है," रेहाना मला म्हणाली. बाजी म्हणजे ताई. "पूरब में दीवार है. उधर दुकानाँ हैं."

मी वेळ बघितली होती. बाजू बघितलीच नव्हती. विमानतळाला अंगण असतं असं मी मनात धरून चालले होते. बाहेर जायचं आणि वर बघायचं. तिथं कुणी बाहेर जाऊच देत नाही, हे मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात नानांच्या कपाळावर घाम दिसला. हात धरला तर गार. "नाना," म्हटलं तर उशिरा बघितलं. बोटाला सुई टोचून मशीन लावलं. आकडा बराच खाली होता. याला हायपो म्हणतात. रक्तातली साखर एकदम उतरते. आधी घाम, मग बडबड, मग माणूस बेशुद्ध. मी साखरेची पुडी सोडली. त्यांनी तोंड घट्ट मिटलं.

"साखर उपासाला चालते, नाना. देवाला काय आपण मिठाचं दाखवतो?"

ते पटलं. साखर घेतली. थोड्या वेळानं डोळे स्थिर झाले, पण एवढ्यावर भागत नाही. साखर लगेच चढते आणि लगेच उतरते. पोटात अन्न गेलं पाहिजे. पुढं पुन्हा विमान होतं.

"जेवून घ्या ना, नाना."

"दिवसभर पाळलं. आता थोडक्यासाठी मोडू? उगवंल की."

रेहाना मला बाजूला घेऊन म्हणाली, "गेट पे मैडम ने ऐसा पसीना देख लिया तो डॉक्टर बुलाती. फिर आज का जाना कैंसल." म्हणजे नानांना उतरवून ठेवणार. परक्या देशात, दवाखान्यात, मी आणि नाना. आणि ते पुन्हा विमानात बसण्यासारखे राहतील का, हे कुणी सांगावं?

माईंचंच ते ऐकतात. पण आमच्या फोनातलं कार्ड अमेरिकेचं. तिथं ते मेलं होतं. कुणाकडं तरी फोन मागायला हवा होता. वाचणाऱ्याला हे हसण्यासारखं वाटेल, पण मी तशीच उभी राहिले.  इथं कानात सांगायला वहिनी नव्हत्या. नानांनी मान मागं टेकली, तेव्हा माझं तोंड उघडलं.

"रेहाना, तुम्हारा फोन मिलेगा क्या? घर पे बात करनी है. शकल दिखे ऐसी."

"उसमें क्या, लो ना!" तिनं फोन काढून दिला. एवढंच होतं ते.

माईंचा नंबर मला पाठ आहे. त्या स्लॅबवर उभ्या होत्या, हातात निरांजन.

"कोण? शोभा? हा कुणाचा नंबर? पोचले का?"

"माई, नाना जेवंनात. इथं चंद्र दिसंना. शुगर उतरलीय."

"इथं कवाचाच वर आलाय. मी नैवेद दाखवून राह्यले." त्यांनी फोन फिरवला. काळ्यात एक पांढरा ठिपका हलत होता. बदनापूर पूर्वेला, म्हणून तिथं चंद्र आधी येतो. हे भाऊंनी नंतर समजावलं.

मी फोन नानांसमोर धरला. नाना म्हणाले, "तो तुमच्याकडला. मला इथला पाह्यजे."

"तुमचा येगळा कुठून आला?" माई कडाडल्या. "लगीन झाल्यापासून एकाच चंद्रावर दोघं जेवून राह्यलो. तिकडं जाऊन नवा काढला का?"

रेहाना तोंडावर रुमाल धरून हसायला लागली. "चच्चा, हमारे में भी हर साल ईद को ये झगड़ा रहता. इधर का चाँद मानना के उधर का. मेरी अम्मी बोलते, घर का कोई भी चाँद देख लिया, बस हो गया."

नाना म्हणाले, "तुझी अम्मी शहाणी हाय." उजवा हात कपाळाला लावला. मी कागदी कपात बाटलीतलं पाणी सोडलं. तेच अर्घ्य.

आता जेवण. मी पिशवीत हात घातला आणि साड्यांखालचे डॉलर आठवले. माझं तोंड बघूनच रेहानाला समजलं. ती गेली आणि दहीभात, केळी आणि गरम दूध घेऊन आली. नानांनी सगळं खाल्लं. बऱ्याच दिवसांनी सगळं खाल्लं. पुन्हा मशीन लावलं, आकडा वर आला होता. रात्रीची लकव्याची गोळी दिली. गेटवर मॅडमनी निरखून बघितलं आणि जाऊ दिलं.

मुंबईला उतरलो, तिथून रेल्वेनं बदनापूर. माई स्टेशनवर आल्या होत्या.  माईंनी नानांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं. मग नाना म्हणाले, "म्हैस व्याली का?"

या सगळ्यावर मी पुष्कळ विचार केला. चंद्र बघून विमानतळ निवडायची काहीच गरज नव्हती. फोन चालू असता तर युरोपातूनही भागलं असतं. तिथं असेपर्यंत बदनापुरात चंद्र वर आलेलाच असता. भाऊंना मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "नाही हो, तिथं रेहाना कुठं भेटली असती?" तेही खरं असेल. कदाचित तिथंही कुणी भेटलं असतं आणि मी त्याला काही विचारलं नसतं. म्हणून जिला पेशंट घेऊन असं जायचं असेल, तिनं एवढं बघावं: जिथं आपल्याला तोंड उघडता येईल ते ठिकाण, आणि पैसे अंगाजवळ.

रेहानाचे पैसे राहिले होते. नंबर माईंच्या फोनात होता. फोन केला तर ती म्हणाली, "रहने दो बाजी." नाना ऐकेनात. "त्या पोरीच्या पैशानं उपास सुटला तर माझं पुण्य तिलाच जाईल. देऊन टाक." भाऊ देतो म्हणाले, माई देते म्हणाल्या. डॉलर मी चुकीच्या जागी ठेवले होते, म्हणून मी माझ्या पगारातून दिले. तिथल्या पैशांचे रुपये किती होतात ते भाऊंना फोनवर विचारलं आणि तेवढे नांदेडला तिच्या अम्मीच्या फोनवर टाकले. अम्मी आधी नकोच म्हणाल्या. मग संध्याकाळी त्यांचा फोन आला. पैसे पोचले होते, पूर्ण.