पाय धुतलेला मजकूर

साताऱ्याकडच्या एका शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाने आमच्या आपांवर अन्याय केला. चूक त्यांच्या डिझायनरची, खापर मात्र आपांवर फोडलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण गोल गोल बोलून मुद्द्यावर येणं मला जमत नाही.

आपा माझ्या सांगलीतल्या छापखान्यात संगणकावर टायपिंगला बसायच्या. मी माण तालुक्यातला, रिकाम्या हाताने आलो आणि कागदवाल्यापासून शाईवाल्यापर्यंत सगळ्यांशी भांडून धंदा उभा केला. माझा आवाज रस्त्यापर्यंत जायचा, आपांचा शेजारच्या खुर्चीपर्यंतही नाही. पण बाहेरून आलेला मजकूर त्यांनी कधी थेट पानात चिकटवला नाही. आधी तो नोटपॅडमध्ये टाकायच्या. तिथे त्याचे रंग, लहानमोठे आकार, मागची करडी पट्टी, सगळं गळून पडायचं. मग नुसती अक्षरं उचलून पानात. "परगावचा पाव्हणा हाय, भाऊ," त्या म्हणायच्या, "आधी पाय धुऊ दे, मग आत घ्या."

एकदा माधवनगरचा एक पोरगा लग्नपत्रिकेचा मजकूर व्हॉट्सॲपवर घेऊन आला. संगणकावर उघडला तर फुलांच्या जागी चौकोन आणि ओळी मध्येच तुटलेल्या. "आवं आपा, मोबाईलमधी तर झकास दिसतंय की!" आपा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या, "मोबाईलमधी नवरदेव बी गोरा दिसतोय, बाळा." तोच नवरदेव होता. पत्रिका होईपर्यंत बिचारा आरशाकडे पाठ करून बसला.

काम हातात घेतलं की त्या पानावरच्या लपलेल्या खुणा चालू करत. स्पेसच्या जागी ठिपके दिसू लागत. शीर्षक मध्ये आणायला कुणी ठिपक्यांची रांग लावलेली दिसली की हळहळत. "ढकलून ढकलून मधी आणलंय. एक शब्द वाढला की घसरंल." मी ओरडायचो, "गिऱ्हाईक दारात उभं हाय!" "उभं ऱ्हाऊ द्या. वाकडं छापलं तर तुमीच लय वरडणार."

मग त्या शाळेची स्मरणिका आली. आपा त्याच शाळेच्या, म्हणून टायपिंगचं काम मागून घेतलं; पानं लावणार होता मंडळाचा डिझायनर. लेख हरतऱ्हेने आले होते: फौजेतल्यांचे व्हॉट्सॲपवर, मुंबईवाल्यांचे ईमेलने. जुन्या हेडमास्तरांचा लेख जुन्या फॉन्टमधला. उघडला की इंग्रजी अक्षरांचा नुसता पालापाचोळा. आपांनी तो आजच्या युनिकोड फॉन्टमध्ये आणला आणि पुटपुटत वाचून ओळ न् ओळ तपासली. शेवटी स्वतःचंही एक पान लिहिलं, पहिल्या बाकावरच्या मैत्रिणीवर. जन्मभर दुसऱ्यांचं टाइप केलं. हे पहिलं स्वतःचं.

फाइल देताना डिझायनरला माझ्यासमोर बजावलं होतं, "तुमचं सॉफ्टवेअर जुनं हाय. ह्यो मजकूर त्यात चिकटवला तर जोडाक्षरं फुटत्याल. आधी एक पान टाकून मला दावा." तो हसून "व्हय व्हय" म्हणाला. पान काही दाखवलं नाही.

प्रकाशनाला आपा नवी साडी नेसून माझ्या गाडीतून आल्या. अंक हातात आला. त्यांनी आधी आपलंच पान काढलं. प्रत्येक जोडाक्षर फुटलेलं, वेलांट्या भलत्याच जागी. मैत्रिणीचं नावसुद्धा वाचता येईना. तेवढ्यात अध्यक्ष माईकवर म्हणाले, "टायपिंगवाल्या बाईंकडून चुका राहिल्या, सांभाळून घ्या." लोक हसले. मी उठून ओरडलो तर दोघांनी मला खाली दाबलं. "आवं, बसा की! पाव्हणे आल्यात." आपांनी माझी बाही ओढली. "चला, भाऊ. घरी सोडा."

वाटेत एवढंच बोलल्या, "माझ्याच शाळंत, भाऊ." त्यानंतर त्या कीबोर्डला शिवल्या नाहीत. घरी जाऊन मी विनवलं, चिडलो, भांडलो. त्या चहा ठेवायच्या आणि विषय बदलायच्या. वर्ष सरायच्या आत गेल्या. अंथरुणावर मला विचारलं, "मंडळाकडनं काय निरोप?" मी नाही म्हणून मान हलवली. खोटं बोलायला हवं होतं की काय, अजून कळत नाही.

त्यांची खुर्ची रिकामी आहे. त्यांनी टाइप केलेलं ते पान मी कधी कधी संगणकावर उघडतो, लपलेल्या खुणा चालू करतो. एक ठिपका जास्तीचा नाही.

मंडळाचा माणूस परवा येऊन गेला. पुढच्या अंकात कोपऱ्यात दोन ओळींची दुरुस्ती छापू म्हणतो. मी जन्मभर घासाघीस केली, पण ह्या सौद्यात एक शब्द कमी घेणार नाही. अध्यक्षसाहेब, त्याच सभागृहात, त्याच माईकवर उभे राहा, आपांचं नाव घ्या आणि सांगा: चूक कुणाची होती?