आठ फुटांची गल्ली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरात नाही, मित्रांत नाही — तुम्हीच पहिले.

परतूरच्या रस्त्यांची मापं मी घेतो. पगार-बिगार काही नाही, हौस. लोकांनीच मिळून बनवलेला एक नकाशा फोनवर असतो. आपल्या गावचे रस्ते त्यात आपणच भरायचे. दुकान बंद केलं की मी टेप घेऊन निघतो, एक टोक दगडाखाली दाबतो, दुसरं भिंतीला लावतो. फुशारकी म्हणून नाही सांगत — माझं माप चुकत नाही.

मग आमच्याच गल्लीची रुंदी मी आठ फूट कशी लिहिली?

चुकून नाही. टेपवर चांगले अठरा होते. पण कापसाच्या दिवसांत जिनिंग मिलला कापूस नेणारे ट्रक आमच्या दारावरून जायचे. घराला नुकताच रंग दिलेला, दुपारी डोळा लागेना. बाहेरगावचे ड्रायव्हर फोन सांगेल तिकडे वळतात, आणि फोन रुंदी बघतो — हे गावात माझ्याइतकं कुणाला ठाऊक? एक आकडा बदलला. ट्रक मागच्या गल्लीतून जायला लागले. मी मस्त झोपलो.

मागची गल्ली बारा फुटांची. तीही मीच मोजलेली — म्हणजे ट्रक कुठे जाणार हे मला माहीत होतं. तिथे काशीकाकू राहतात. काका डोळ्यांनी अधू. सकाळभर ओट्यावर ऊन खात, येणाऱ्याजाणाऱ्याला पायरवावरून ओळखत बसायचे. ट्रक सुरू झाले तसं काकूंनी त्यांना आत बसवलं. मग एका ट्रकने अर्धा ओटाच उडवला.

काकू माझ्याकडेच आल्या. दुसऱ्या कुणाकडे जाणार?

"भाऊ, तुमाला फोनातलं समदं कळतं. कायतरी करा नं. हे दिवसभर आतमंदी बसून राह्यले, बोलत बी न्हाईत."

"मशीनचं काम असतं काकू," मी म्हणालो. "बघतो."

बघतो! काय बघणार होतो? तेव्हा खरं सांगता आलं असतं. लाज वाटली — नाही, भीती वाटली. मापाचा पक्का माणूस म्हणून गावात माझं नाव होतं.

त्याच संध्याकाळी आठाचे अठरा केले. ट्रक परत माझ्या दारावर आले. काकूंनी गल्लीभर सांगितलं, भाऊंनी ट्रक हटवले. मला चहाला बोलावलं. मी गेलो. उरलेल्या ओट्यावर काका बसले होते. त्यांनी माझा पायरव ओळखला, चाचपत माझा हात धरला आणि सरकून मला जागा दिली. एका माणसापुरता तो ओटा. दोघं कसेबसे बसलो. काका कौतुक करत राहिले. मी चहा पूर्ण प्यालो, आणि म्हणालो, "त्यात काय काका, माझं कामच हाय ते."