अंगठे मी आणले होते

वैशालीबाईंची आणि माझी ओळख महिला सभेच्या वहीमुळे झाली. मी, शिवा म्हात्रे, पेण तालुक्यातील खाडीकाठच्या आमच्या गावात ग्रामपंचायतीचा शिपाई होतो. ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची वेगळी सभा भरवावी, असा नियम आहे. आमच्याकडे ती भरत नसे. मी वही व शाईचे पॅड घेऊन घरोघरी जात असे आणि चुलीपाशी बसलेल्या बाईचा अंगठा घेऊन येत असे. बायकांची खेप वाचते, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. मला वाचता येत नव्हते. त्यामुळे अंगठ्यांच्या वर काय लिहिले आहे, हे मला ठाऊक नव्हते.

वैशालीबाई रोह्याकडच्या, खांब गावच्या. आमच्या शाळेत त्या सातवीला शिकवत. नागरिकशास्त्राच्या तासाला त्या मुलांना घरी विचारण्यासाठी प्रश्न देत. एकदा प्रश्न होता, 'तुमच्या घरची बाई गेल्या सभेत काय बोलली?' माझी नात प्रतिक्षा हिने तो आपल्या आजीला, काशीबाईला, विचारला.

"मी कवा गेलेली गो सभेला?" काशीबाई म्हणाली. "तुझा आजाच सभा काखेत मारून घरात येतो. माझे हात पिठात असले तरी याला अंगठा पायजे."

दुसऱ्या दिवशी बाई सारा वर्ग घेऊन पंचायतीत आल्या व त्यांनी वही पाहायला मागितली. प्रतिक्षाने मोठ्याने वाचले, "सत्तेचाळीस महिला हजर. गावात सकाळची एसटी नको, असे सर्वांचे मत पडले."

ती थांबली. सातवीपुढची शाळा पेणला आहे. मुलगे सायकलने हमरस्ता गाठून तेथून गाडी धरत. मुली घरी बसत. पुढच्या वर्षी तीही बसणार होती.

"आजोबा, यात आजीचा अंगठा हाय?"

"व्हय," मी म्हणालो. तो मजकूर कोणी लिहिला, ते मी येथे सांगत नाही. अंगठे मी आणले होते.

वर्गातला केरू हसला. "पोरींना कशाला पायजे एसटी?"

बाई रागावल्या नाहीत. "केरू, तू आठवीला कसा जाणार?"

"सायकलनं."

"आणि सातवी करून घरी बसलेली तुझी बहीण मनाली?"

"तिला कोन देतंय सायकल?" केरू म्हणाला.

पुढच्या सभेच्या वेळी मी पॅड नेले नाही. अंगठा घरी घेणार नाही, चार वाजता शाळेत या, असे प्रत्येक दारात सांगितले. सहाजणी आल्या. तेव्हा काशीबाई उठली आणि स्वतः दारोदार फिरून बायकांना घेऊन आली. मग उभी राहून तिने विचारले, "एसटी नको म्हनणाऱ्या बाया कोन, त्यांनी हात वर करा बघू."

एकही हात वर झाला नाही. बायका मात्र पुष्कळ हसल्या. एसटी हवी, असा ठराव झाला. सातवीच्या मुलांनी तो दोनदा वाचून दाखवला आणि त्यानंतरच अंगठे उठले. ग्रामसभेने ठराव मान्य केला, पेणच्या आगारात अर्ज गेला आणि जून महिन्यात गाडी सुरू झाली. प्रतिक्षा आणि मनाली धरून सहा मुली आठवीला गेल्या. त्याच वर्षी मी बाईंच्या प्रौढ साक्षरता वर्गात नाव घातले. हा मजकूर मी स्वतः लिहिला आहे, याचे मला समाधान आहे.

एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे. पहिले दोन दिवस आम्ही चार म्हातारे मुलींच्या राखणीसाठी त्याच गाडीत बसून पेणला गेलो आणि शाळा सुटेपर्यंत फाटकाशी उभे राहिलो. मुलग्यांच्या मागे आम्ही कधी गेलो नव्हतो. तिसऱ्या दिवशी सकाळी बाई थांब्यावर आल्या. गाडी उभी होती, माझा एक पाय पायरीवर होता.

"काका," बाई म्हणाल्या, "आजपासून तुम्ही चढू नका. मुलींना त्यांचं त्यांना जाऊ द्या."